सिंहपुच्छ माकड किती धोक्यात आहे, हे ठरवायचं कसं? रानातल्या नोंदीपासून लाल यादीपर्यंत

सिंहपुच्छ माकडाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: एकूण उरलीत किती? प्रश्न साहजिक आहे, पण त्या एका आकड्यावरून फारसं काही ठरत नाही. तीन हजार माकडं सलग जंगलात असणं वेगळं आणि तेवढीच माकडं चहाच्या मळ्यांनी, रस्त्यांनी, धरणांच्या पाण्याने तोडलेल्या सुट्या तुकड्यांत अडकून पडणं वेगळं. आकडा आज दोन्हीकडे सारखाच दिसेल, पण पुढच्या दोन-तीन पिढ्यांत काय होणार याचं गणित पार बदललेलं असतं. म्हणून स्थिती ठरवताना माकडं किती आहेत याच्या जोडीला ती किती तुकड्यांत विभागली आहेत आणि संख्या कोणत्या दिशेने चालली आहे, हेही तितक्याच कसोशीने शोधावं लागतं.

हे काम कसं करायचं, ते इथे क्रमाने मांडलं आहे. वन्यजीवशास्त्राचे विद्यार्थी, वनखात्यात काम करणारे आणि गावोगावचे निसर्गगट डोळ्यांसमोर आहेत. निकष जगभर वापरले जाणारेच घेतले आहेत, म्हणजे आययूसीएनच्या (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या) लाल यादीचे; कोणती जात किती धोक्यात आहे ते या यादीत वर्गवारीने दिलेलं असतं. ही यादी १९६४ पासून चालत आली आहे आणि तिचे आजचे निकष २००१ च्या ३.१ आवृत्तीचे आहेत. उदाहरण मात्र सगळीकडे सिंहपुच्छाचं ठेवलं आहे.

आधी कोणाचं मूल्यमापन, ते पक्कं करा

सिंहपुच्छ माकड जगात फक्त पश्चिम घाटात आढळतं, तेही कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू या तीन राज्यांतच. दक्षिणेला कळक्काड-मुंडनथुराईच्या डोंगरांपासून उत्तरेला शिरसी-होन्नावरच्या जंगलांपर्यंत त्याचा तुटक पट्टा पसरलेला आहे. महाराष्ट्रात ते नाही. त्यामुळे देशाचं मूल्यमापन हेच याच्या बाबतीत जगाचं मूल्यमापन ठरतं. एखाद्या राज्यापुरतं काम करणार असाल तर प्रादेशिक मूल्यमापनाचे वेगळे नियम लागू होतात, कारण तिथे शेजारच्या राज्यातून येणारी माकडं इथल्या संख्येला आधार देतात का, हे आधी तपासावं लागतं.

ओळखीचा प्रश्न वाटतो तेवढा क्षुल्लक नाही. त्याच जंगलात निलगिरी वानर राहतं आणि तेही काळंच असतं. गर्द छायेत, पन्नास मीटरवर, फांदीआड बसलेला काळा आकार पाहून ‘सिंहपुच्छ दिसलं’ अशी नोंद सहज होते. चेहऱ्याभोवतीची राखाडी-रुपेरी आयाळ स्पष्ट दिसली का, हे पहिलं विचारायचं. शेपूट दिसली असेल तर तिची लांबी पाहा: वानराची शेपूट लांबलचक खाली लोंबते, सिंहपुच्छाची तुलनेने आखूड असते आणि टोकाला गोंडा असतो. डोक्यावरचे केस फिकट तपकिरी-पिवळसर दिसले तर ते वानर. यातलं काहीच नक्की दिसलं नसेल तर नोंद ‘काळं माकड, जात अनिश्चित’ अशीच लिहावी. अशा नोंदी फेकून देऊ नका, पण मोजणीत धरू नका.

जुन्या नोंदी गाळून घ्या

रानात जाण्याआधी जुनी कागदपत्रं हाताळायला भरपूर वेळ द्या. शोधनिबंध, वनखात्याच्या कार्ययोजना, संग्रहालयांतले नमुने, निसर्गनिरीक्षकांची टिपणं, आधीची लाल यादीची मूल्यमापनं असं सगळं एका तक्त्यात आणायचं. प्रत्येक नोंदीपुढे ठिकाण, त्या ठिकाणाची अचूकता किती किलोमीटरची आहे, तारीख, कोणी पाहिलं, पुरावा काय (फोटो, आवाज, नमुना, नुसतं सांगणं) आणि तुमचा विश्वास किती, हे रकाने हवेत. अचूकतेचा रकाना बहुतेक जण गाळतात आणि मग ‘अमुक घाट’ एवढीच माहिती असलेली नोंद नकाशावर नेमक्या बिंदूत जाऊन बसते.

जुने आकडे वाचताना एक सापळा ओळखून ठेवा. १९६०-७० च्या दशकांतले सिंहपुच्छाचे अंदाज हजाराच्या आतले होते. नंतर कर्नाटकातली जंगलं नीट पालथी घातली गेली, तिथे कळप सापडत गेले आणि एकूण अंदाज तीन-चार हजारांच्या घरात पोहोचला. कागदावर ही वाढ दिसते. प्रत्यक्षात माकडं वाढली नव्हती, शोध वाढला होता. लाल यादीत हे दोन बदल वेगळे धरतात: प्राण्याची स्थिती खरोखर बदलली म्हणून झालेला वर्गबदल आणि माहिती सुधारली म्हणून झालेला वर्गबदल. दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करण्याआधी दोन्ही वेळी शोधाचा पल्ला, दिवस आणि माणसं सारखी होती का, ते बघा. नसतील तर त्या आकड्यांमधून ‘वाढ’ किंवा ‘घट’ काढायची नाही.

या माकडाची माहिती नीट गोळा होण्याने काय फरक पडतो, हे केरळातल्या सायलेंट व्हॅलीच्या जंगलाने दाखवून दिलं आहे. कुंतीपुळा नदीवरच्या जलविद्युत प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात हे माकड त्या जंगलाचा चेहरा बनलं. १९८३ मध्ये प्रकल्प सोडून दिला गेला आणि १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

परवानग्या आणि माणसं

सिंहपुच्छ माकड वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी शिरायचं तर कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. माकड पकडायचं, रेडिओपट्टा बांधायचा तर परवानगीचा मार्ग आणखी कडक आहे, आणि स्थिती ठरवण्यासाठी त्याची गरज क्वचितच पडते. राखीव जंगलातही खात्याची परवानगी घ्या. तमिळनाडूतल्या वालपराईसारख्या पठारावर जंगलाचे तुकडे चहा-कॉफीच्या मळ्यांच्या आत आहेत, तिथे मळ्याच्या व्यवस्थापनाशीही बोलावं लागतं. अर्ज हंगामाच्या कितीतरी आधी करा.

मग गावात जा. मुलाखतींकडे बरेच जण औपचारिकता म्हणून पाहतात, पण माझ्या मते पूर्ण सर्वेक्षणातला सगळ्यात किफायतशीर भाग हाच आहे. उत्तर कन्नड भागात उप्पागे नावाचं फळ गोळा करणारे लोक पावसाळ्यात जंगलात असतात, आणि तेच फळ सिंहपुच्छही खातं. कोणत्या ओढ्याकाठी कळप येतो, कोणत्या वर्षापासून येईनासा झाला, हे त्यांना माहीत असतं. विचारण्याची पद्धत मात्र काटेकोर ठेवा. ‘इथे सिंहपुच्छ आहे ना?’ असं विचारलं की पाहुण्याचं मन राखायला बहुतेकदा ‘हो’ येतं. त्याऐवजी फोटोंचा संच द्या: सिंहपुच्छ, निलगिरी वानर, टोपी माकड, आणि त्यात या भागात मुळीच नसलेलं एखादं आफ्रिकी माकड. जो माणूस आफ्रिकी माकडही ‘कालच पाहिलं’ म्हणतो, त्याच्या बाकी उत्तरांचं वजन कमी धरायचं. शेवटचं कधी पाहिलं हे सन विचारून कळत नाही, घटनेशी जोडून विचारा: पूल झाला त्याआधी की नंतर, मुलीचं लग्न झालं त्या वर्षी होती का. शिकारीबद्दल थेट प्रश्न नकोत आणि नाव-गाव लिहून घेऊ नका. तुमच्या वहीमुळे कोणी अडचणीत आलं तर पुढच्या माणसाला त्या गावात कोणी काही सांगणार नाही.

रानातली मोजणी

पहिला टप्पा फक्त ‘आहे की नाही’ एवढाच. संपूर्ण संभाव्य पट्ट्यावर चौकोनांची जाळी टाका आणि प्रत्येक निवडलेल्या चौकोनात अनेकदा जा. हे माकड उंच छतात, म्हणजे झाडांच्या एकमेकांत मिसळलेल्या शेंड्यांत राहतं, बुजरं आहे, दाट पानोऱ्यात तासन्‌तास गप्प बसून खातं. एका भेटीत दिसलं नाही म्हणजे नाही, असं अजिबात नाही. समजा कळप तिथे असताना एका भेटीत तो सापडण्याची शक्यता ४० टक्के आहे. मग तीन भेटींत एकदाही न सापडण्याची शक्यता ०.६ चा घन, म्हणजे सुमारे २२ टक्के. पाच भेटी केल्या तर ती ८ टक्क्यांवर येते. म्हणून प्रत्येक भेटीची नोंद ठेवायची, आणि रिकाम्या हातांनी परतलेल्या भेटीची तर हमखास ठेवायची. तारीख, चाललेलं अंतर, वेळ, हवामान, निरीक्षक, काही दिसलं नाही: अशा नोंदींतूनच सापडण्याची शक्यता काढता येते आणि ‘नाही’ या शब्दाला अर्थ येतो.

मोजणीसाठी ठरलेल्या रेषेवरून चालत अंतरं मोजण्याची पद्धत वनप्राण्यांसाठी सर्रास वापरतात. ती वापरायची तर निदान साठ ते ऐंशी वेळा कळप दिसायला हवेत, त्याशिवाय अंतराचा आलेख भरवशाचा येत नाही. दुर्मीळ माकडाच्या बाबतीत इतक्या वेळा कळप दिसणं बहुधा नशिबात नसतं. त्यापेक्षा जंगलाचे लागून असलेले गट पाडून अनेक पथकांनी एकाच वेळी फिरण्याची पद्धत इथे जास्त उपयोगी ठरते. दिसलेल्या प्रत्येक कळपाची वेळ, जागा, चालण्याची दिशा आणि जमेल तेवढी रचना लिहायची. संध्याकाळी सगळी पथकं एकत्र बसून नकाशावर पडताळतात: हा दहा वाजता पूर्वेला गेलेला कळप आणि शेजारच्या पथकाला अकराला दिसलेला कळप एकच तर नाही? एखाद्या माकडाच्या अर्ध्या तुटलेल्या शेपटीवरून किंवा चेहऱ्यावरच्या वणावरून हा वाद लगेच मिटतो, म्हणून अशा खुणा आवर्जून टिपा.

कळपातली डोकी मोजण्याची सगळ्यात चांगली जागा म्हणजे छतातली फट. रस्त्यावर, ओढ्यावर किंवा पडलेल्या झाडाच्या मोकळ्या जागेवर कळपाला एका ठरावीक फांदीवरून उडी मारून पलीकडे जावं लागतं, आणि बहुतेकदा एकामागून एक. कळपाची दिशा ओळखून आधीच तिथे जाऊन बसा, दुर्बीण त्या एका फांदीवर धरा आणि प्रत्येक उडीला आवाजाच्या रेकॉर्डरवर बोला: प्रौढ मादी, पोटाला पिल्लू, अर्धवयस्क, अर्धवयस्क, प्रौढ नर. वहीत लिहायला मान खाली घातली की दोन माकडं निसटतात. पोटाला घट्ट धरलेलं लहान पिल्लू उडीच्या क्षणी फक्त एक फुगवटा म्हणून दिसतं, त्यामुळे मादी झेप घेण्याआधी फांदीवर थबकते तेव्हाच तिचं पोट बघून घ्यायचं. शेवटचं माकड गेलं असं वाटल्यावरही निदान वीस मिनिटं हलू नका.

झाडांच्या छतात लावलेले कॅमेरा-सापळे आणि आवाज टिपणारी यंत्रं जिथे माणूस वारंवार पोहोचू शकत नाही तिथे कामाची आहेत. ‘आहे’ हे ती उत्तम सिद्ध करतात, ‘किती’ हे क्वचितच सांगतात. रानात माकडांना खाऊ घालायचा नाही, फार जवळ जायचं नाही, आणि सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जायचंच नाही. आपले श्वसनाचे आजार त्यांना लागतात.

डोक्यांवरून प्रौढांकडे

लाल यादीचे बहुतेक संख्यात्मक निकष एकूण माकडांवर चालत नाहीत, ते प्रजननक्षम प्रौढांवर चालतात. समजा अठराच्या कळपात एक प्रौढ नर, आठ प्रौढ माद्या आणि बाकी नऊ अर्धवयस्क व पिल्लं आहेत. मग प्रौढ नऊ, म्हणजे पन्नास टक्के. असं प्रमाण अनेक कळपांवरून काढा, एका सुखवस्तू कळपावरून नको. कळपाबाहेर एकटे भटकणारे नर मोजायचे का, यावर वाद होऊ शकतो. जे कधीच पिल्लांना जन्म देणार नाहीत ते धरू नयेत, असं मार्गदर्शक तत्त्व आहे. लहानशा तुकड्यात अडकलेले, दुसऱ्या कळपापर्यंत पोहोचूच न शकणारे नर मी धरणार नाही, आणि का धरले नाहीत ते लिहून ठेवीन.

आणखी एक इशारा. मळ्यांनी वेढलेल्या छोट्या तुकड्यात कधीकधी माकडांची दाटी सलग जंगलापेक्षा जास्त निघते. वालपराईजवळच्या पुदुतोट्टमचा तुकडा यासाठी प्रसिद्ध आहे: शंभर हेक्टरपेक्षाही कमी जंगल, आणि तिथली सिंहपुच्छ जमिनीवर उतरतात, रस्ता ओलांडतात, वस्तीपर्यंत येतात. अशा ठिकाणची दाटी ‘इथे छान चाललंय’ असं समजून इतर जंगलाला लावली तर एकूण अंदाज फुगतो. माकडं तिथे जास्त आहेत, कारण त्यांना बाहेर पडायला वाट नाही.

नकाशा: पसारा, व्यापलेलं क्षेत्र, ठिकाणं

इथे दोन वेगळी मापं आहेत आणि त्यांची गल्लत सतत होते. पहिलं, एकूण पसारा: सगळ्या आजच्या खात्रीच्या नोंदींना बाहेरून वेढणारी, कुठेही आत न वळणारी लहानात लहान बहुभुज आकृती. तिच्यात मधली शेतं, शहरं, पालघाटची खिंडसुद्धा येते आणि ती वगळायची नसते, कारण हे माप धोका किती पसरलेला आहे ते दाखवण्यासाठी आहे. दुसरं, व्यापलेलं क्षेत्र: २ बाय २ किलोमीटरची जाळी टाकून माकड असलेले चौकोन मोजायचे आणि चारने गुणायचं. साठ चौकोन भरले तर २४० चौरस किलोमीटर. लहान चौकोन घेतले तर क्षेत्र आपोआप लहान येतं आणि प्राणी खोटाच जास्त धोक्यात दिसतो. म्हणून चौकोनाचं माप बदलायचं नाही.

‘ठिकाण’ ही कल्पना धोक्यावरून ठरते. एकाच घटनेचा फटका जेवढ्या भागातल्या सगळ्या माकडांना झपाट्याने बसू शकतो, तेवढा भाग म्हणजे एक ठिकाण. एका धरणाखाली जाणाऱ्या दरीतले पाच कळप हे एक ठिकाण. एखाद्या साथीचा धोका मुख्य असेल तर ठिकाण खूपच मोठं होऊ शकतं. ब्राझीलमध्ये पीतज्वराच्या साथीने सोनेरी सिंह-टॅमरिन या छोट्या माकडांची संख्या काही वर्षांत सुमारे ३७०० वरून २५०० वर आली. आपल्याकडे माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोगा भागातच पहिल्यांदा ओळखला गेला आणि त्याने टोपी माकडं व वानरं मरतात. सिंहपुच्छाच्या उत्तरेकडच्या पट्ट्यात काम करताना हा धोका विचारात न घेणं चूक ठरेल.

‘अतिविखंडित’ हा शिक्काही सैलपणे मारू नका. व्यापलेल्या क्षेत्राचा निम्म्याहून जास्त भाग अशा तुकड्यांत असायला हवा, जे एकेकटे टिकाऊ संख्येला पुरत नाहीत आणि एकमेकांपासून दूर आहेत. दूर म्हणजे माकडाच्या दृष्टीने दूर. छतातून फिरणाऱ्या जातीला शंभर मीटरचा उघडा चहामळासुद्धा अडसर ठरतो. वालपराईत रस्त्यावरून दोरीचे व पट्ट्यांचे झुलते पूल बांधले आहेत आणि माकडं ते वापरतात, म्हणजे दोन तुकडे जोडलेले की तुटलेले हे असा एखादा पूल बदलू शकतो. तिथे जाऊन बघा, नुसत्या नकाशावर विसंबू नका.

घट मोजणं: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

घटीचा निकष दहा वर्षं किंवा तीन पिढ्या, यातला जो काळ मोठा त्यावर लावतात. पिढीचा काळ म्हणजे आज जन्मलेल्या पिल्लांच्या आई-बापांचं सरासरी वय. पहिल्या विणीचं वय एवढाच अर्थ घेतला तर काळ फार छोटा येतो. सोपी रीत अशी: पहिल्या विणीचं वय, अधिक प्रजननकाळाचा ठरावीक अंश. समजा पहिलं पिल्लू सहाव्या वर्षी, शेवटचं अठराव्या वर्षी आणि अंश निम्मा धरला. सहा अधिक बाराचे निम्मे, म्हणजे बारा वर्षं. तीन पिढ्या छत्तीस वर्षांच्या झाल्या.

छत्तीस वर्षांची माकडांची मोजणी कोणाकडेच नसते. मग जंगलाच्या घटीवरून अनुमान काढावं लागतं, आणि ते चालतं, फक्त ‘अनुमानित’ असं लिहावं लागतं. लँडसॅट उपग्रहाची चित्रं १९७२ पासूनची मिळतात. पण हिरवं दिसतं ते सगळं जंगल नसतं, हे पश्चिम घाटात कायम लक्षात ठेवा. झाडोऱ्याच्या जागतिक नकाशांत रबर, निलगिरी, अकेशिया आणि सावलीतली कॉफी हे सगळं ‘झाडोरा’ म्हणूनच येतं. सिंहपुच्छाला लागतं ते सदाहरित जंगल, ज्यात कुलेनियासारखी झाडं वर्षातला मोठा काळ खाद्य पुरवतात. नकाशावर घट शून्य आणि रानात माकड नाही, असं होऊ शकतं. प्रत्येक प्रकारच्या हिरव्या डागाची प्रत्यक्ष जाऊन खातरजमा केल्याशिवाय टक्केवारी काढू नका.

आता एक उदाहरण घेऊ. समजा एका पट्ट्यात पंधरा वर्षांत सदाहरित जंगल १०० वरून ६० वर आलं आणि माकडं त्याच प्रमाणात घटली असं मानलं. हा दर छत्तीस वर्षांवर कसा पसरायचा? दरवर्षी ठरावीक टक्के घट मानली तर ०.६ चा २.४ वा घात, म्हणजे सुमारे ०.२९ उरतं: ७१ टक्के घट. दरवर्षी ठरावीक क्षेत्र जातं असं मानून मागे गेलो तर छत्तीस वर्षांपूर्वी १५६ होतं आणि आज ६० आहे: सुमारे ६२ टक्के घट. दोन्ही उत्तरं संकटग्रस्त वर्गातच बसतात (वर्गांच्या मर्यादा पुढे दिल्या आहेत). तोच हिशोब पुढे नेला तर मात्र वाटा फुटतात: ठरावीक टक्के मानले तर पुढेही ७१ टक्के, ठरावीक क्षेत्र मानलं तर साडेबावीस वर्षांत जंगलच संपतं. कुठली रीत योग्य, ते घटीचं कारण सांगतं. मळ्यांसाठी दरवर्षी अमुक हेक्टर तोड होत असेल तर दुसरी. सोपी जमीन संपून आता उताराची उरली असेल आणि वेग मंदावला असेल तर पहिली. तुम्ही कोणती घेतली आणि का, हे वाक्य अहवालात असलंच पाहिजे.

निकष लावा, आणि सगळे लावा

पाच निकष आहेत. एकातही बसलं तरी वर्ग लागतो, आणि जो निकष सगळ्यात गंभीर वर्ग देतो तोच अंतिम. तरीही पाचही तपासून लिहायचे.

- ए, घट: कारणं अजून चालू असतील तर ८० टक्के किंवा जास्त घट म्हणजे अतिसंकटग्रस्त, ५० म्हणजे संकटग्रस्त, ३० म्हणजे असुरक्षित. कारणं थांबलेली, समजलेली आणि उलटवता येणारी असतील तर मर्यादा ९०, ७० आणि ५०.
- बी, क्षेत्र: पसारा १००, ५,००० आणि २०,००० चौरस किलोमीटरच्या आत, किंवा व्यापलेलं क्षेत्र १०, ५०० आणि २,००० च्या आत. शिवाय तीनपैकी दोन अटी: अतिविखंडन किंवा मोजकी ठिकाणं (एक, पाच, दहा), चालू घट, टोकाचे चढउतार.
- सी, कमी संख्या आणि घट: प्रौढ २५०, २,५०० आणि १०,००० पेक्षा कमी, आणि संख्या घटती.
- डी, अतिशय कमी संख्या: प्रौढ ५०, २५० आणि १,००० पेक्षा कमी.
- ई: नामशेष होण्याच्या शक्यतेचं गणिती प्रतिमान. माकडांसाठी पुरेशी माहिती क्वचितच असते. नसेल तर सरळ सोडून द्या.

सिंहपुच्छावर लावून बघू. २००८ च्या मूल्यमापनात ते संकटग्रस्त ठरलं होतं. आधार सी निकषाचा: प्रौढ २,५०० पेक्षा कमी, एकाही उपसमूहात २५० पेक्षा जास्त प्रौढ नाहीत, आणि संख्या घटती. यातल्या मधल्या अटीकडे नीट पाहा. समजा उद्या एखाद्या सलग पट्ट्याचं चांगलं सर्वेक्षण झालं आणि तिथे सहाशे माकडं, म्हणजे तीनशे प्रौढ निघाले. एका जंगलाच्या या चांगल्या बातमीने ही अट मोडते आणि या मार्गाने मिळणारा संकटग्रस्त वर्ग जातो, बाकी तुकड्यांत काहीही सुधारलेलं नसताना. म्हणूनच ए आणि बी ची तयारी आधीपासून नीट झालेली हवी. आणि म्हणूनच ‘एक उपसमूह’ कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो, यावर इतकी मेहनत घ्यायची: वर्षाला एखादं माकडसुद्धा इकडून तिकडे जात नसेल तर ते दोन वेगळे उपसमूह.

वर्ग खाली आणायचा असेल, म्हणजे धोका कमी दाखवायचा असेल, तर वरच्या वर्गाची अट सलग पाच वर्षं लागू नसायला हवी. वर न्यायचा असेल तर थांबायचं नाही. ही असमानता मुद्दाम ठेवलेली आहे आणि ती योग्यच आहे.

अनिश्चितता आणि ‘नामशेष’ हा शब्द

प्रत्येक आकडा किमान, सर्वोत्तम आणि कमाल अशा तीन रूपांत द्या आणि त्याच्यापुढे तो प्रत्यक्ष पाहिलेला, अंदाजलेला, अनुमानित की नुसता संशयित आहे ते लिहा. तीनही आकड्यांना वेगवेगळे वर्ग येत असतील तर सावध पण वास्तववादी वर्ग निवडा आणि बाकीची शक्यताही नोंदवा. ‘अपुरी माहिती’ हा वर्ग आळसाची सोय म्हणून वापरू नका. अतिसंकटग्रस्तपासून चिंता नसलेल्या वर्गापर्यंत काहीही असू शकतं, इतका अंधार असेल तेव्हाच तो लागू होतो.

‘नामशेष’ लिहायला तर फारच मोठा पुरावा लागतो. पश्चिम आफ्रिकेतलं मिस वॉल्ड्रनचं लाल कोलोबस माकड शास्त्रज्ञांनी १९७८ नंतर जिवंत पाहिलेलं नाही, तरीही ते अतिसंकटग्रस्त वर्गातच ठेवलं गेलं. माकड असताना ‘नामशेष’ लिहिलं की संरक्षण सुटतं, आणि जंगल तोडायला कोणाची आडकाठी उरत नाही.

अहवाल आणि त्यानंतर

अहवालात निकषाचा संकेत, त्याचं साध्या भाषेतलं समर्थन, नकाशे, धोक्यांची यादी आणि आजवरचे उपाय हे सगळं यावं. धोके लिहिताना ‘अधिवासाचा ऱ्हास’ एवढं लिहून थांबू नका: कोणता रस्ता, कोणत्या मळ्याचा विस्तार, कच्च्या फळांची तोड कुठल्या महिन्यात, वाहनाखाली माकडं कुठल्या वळणावर मरतात. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याच्या हातात याच ओळी उपयोगी पडतात. कर्नाटकात २०१९ मध्ये शरावती खोऱ्यात सिंहपुच्छाच्या नावाने विस्तारित अभयारण्य झालं, ते या पट्ट्यातल्या कळपांच्या नोंदी आधीच हाताशी होत्या म्हणून मांडता आलं.

कळपांच्या नेमक्या जागा जाहीर अहवालात देऊ नका. दहा किलोमीटरचा चौकोन पुरे, अचूक बिंदू वनखात्याला आणि आययूसीएनच्या प्रायमेट तज्ज्ञगटाला द्या. मूल्यमापन यादीत जाण्याआधी त्याच गटातले दुसरे अभ्यासक ते तपासतात. त्यांना तुमचा कच्चा तक्ता, रिकाम्या भेटींच्या नोंदींसकट, मागावा लागू नये. आधीच जोडून पाठवा. मुलाखती दिलेल्या गावांतही निष्कर्ष त्यांच्या भाषेत नेऊन सांगा. दहा वर्षं उलटली की मूल्यमापन जुनं धरलं जातं, तेव्हा पुढची फेरी करणाऱ्याला त्याच वाटा, तेच चौकोन आणि तीच पद्धत वापरता यावी म्हणून प्रत्येक वाटेचा जीपीएस माग आणि नोंदीच्या नमुन्याची कोरी प्रत अहवालासोबत ठेवा.